चोपचिनीचा काढा आणि क्वानकाकांचा अंगठा

चौथ्या महिन्याच्या नवमीला सकाळी क्वानकाका पलंगावरून उतरले आणि तसेच परत पलंगावर बसले. उजव्या पायाचा अंगठा पिकलेल्या लीचीएवढा झाला होता आणि रंगही तोच होता. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं, "काल चिखलात काहीतरी चावलं."

काल चिखलात तीस माणसं उतरली होती. आमच्या चुंगहाउ गावाची लांब ड्रॅगन होडी वर्षभर ओढ्याच्या तळाशी पुरलेली असते, लाकूड फाटू नये म्हणून. अष्टमीला ती उपसायची, धुवायची आणि मग तिच्या नावाने जेवायला बसायचं. चावण्यासारखं जे काही होतं ते या जेवणात होतं, आणि ते काकांनी चावलं होतं. भाजलेलं डुक्कर, हंसाचं काळीज, तिसऱ्या, बिअर, आणि शेवटी दोन वाट्या हाडांचं सूप, कारण इतकं जड खाल्ल्यावर पोटाला आराम हवा.

मी काकांची पुतणी, आ-तुंग. शिक्षणाने यंत्र अभियंता, नोकरीने भांडी तपासणारी. गावापासून वीस मिनिटांवर विजेवर चालणारी स्वयंपाकाची भांडी बनवणारा कारखाना आहे. तिथे मी दिवसभर पाणी उकळते आणि ते कसं उकळलं हे लिहून ठेवते. हे मिरवायला सांगत नाही. या गोष्टीत माझ्या एका भांड्याचा हात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

काकांचं पूर्ण नाव माक यिऊ-क्वान, वय एकसष्ट. वर्षातले तीनशे साठ दिवस ते गवत्या माशांची दोन तळी सांभाळतात, आणि त्या दिवसांत त्यांना कोणी फारसं विचारत नाही. काकूही नाही. पण पाचव्या महिन्याच्या पंचमीला होडी निघते तेव्हा सत्तर माणसं बसून वल्हवतात आणि मागच्या टोकाला, हातभर रुंद फळीवर, एकटे क्वानकाका अनवाणी उभे राहून सुकाणू धरतात. वळणावर ते उजवा पाय आपटतात, मागचं टोक दबतं, पुढे ड्रॅगनचं तोंड उचललं जातं आणि होडी वळते. दोन्ही काठांवरची माणसं त्या पायाकडे बघत असतात. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. तळ्यात मासे मेले, मुलगा महिनाभर फोन करत नाही, दाढ काढावी लागली, हे सगळं काका त्या फळीच्या भरवशावर काढतात.

त्यामुळे दशमीला होडी समितीचे प्रमुख लाय आबा बघायला आले तेव्हा काकांनी पाय उशीखाली घातला.

"उशी उचल," लाय आबा म्हणाले.

"थंडी वाजते."

"चौतीस डिग्री आहे बाहेर, क्वान. उचल."

उशी उचलली गेली. आबांनी अंगठ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे.

"पाचव्या महिन्याच्या प्रतिपदेला सराव आहे. त्या दिवशी फळीवर अनवाणी उभं राहून वडाचं वळण काढून दाखवायचं. जमलं तर सुकाणू तुझं. नाही जमलं तर आ-बिंग आहेच."

आ-बिंग चौतीस वर्षांचा. काकांनीच शिकवलेला. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधतो आणि कोंबडीची छाती नुसती उकडून खातो, त्यामुळे काकांचा त्याच्या माणुसकीवरच विश्वास नाही.

"तो घड्याळाला विचारून पाय आपटेल," काका म्हणाले.

"आपटेल तरी," लाय आबा म्हणाले आणि गेले.

हातात वीसेक दिवस होते. त्यातला पहिला दिवस जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड सहाशे बारा निघालं. चारशे वीसच्या आत हवं, असं त्या म्हणाल्या. काकांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे मी पुढे आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी हा गाऊट आहे असं सांगितलं, आत्ता दुखण्यावर या गोळ्या आणि सूज उतरली की युरिक ॲसिडच्या या गोळ्या, त्या बहुधा कायमच्या, असं सांगितलं, आणि काय खायचं नाही याचा एक कागद छापून दिला.

दुखण्याच्या गोळ्या काकांनी एकच दिवस घेतल्या. पोटात जळजळ होते म्हणून त्या आणि पुढची पाकिटं मिळून सगळी फ्रिजवर गेली.

"जन्मभर घ्यायची म्हणजे ते औषध नाही," काका म्हणाले. "ते लग्न आहे."

"मग चाळीस वर्षं घेऊनही गुण आलेला दिसत नाही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकूंचं नाव युक-लान. त्यांनी खाण्याचा कागद फ्रिजच्या दारावर खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाने लावला. लाल रकान्यात बिअर, शिंपले, कोलंबी, काळीज-यकृत वगैरे मंडळी होती. काकांनी ती वाचली, डोळे मिटून घेतले आणि नेटाने पाळली. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. आमच्या घरी समोर वाफाळत्या कोलंब्या असताना माणूस नुसता कोबी खातो, हे बघायला शेजारून दोन बायका आल्या होत्या.

चहाच्या दुकानात सल्ले मिळत होतेच. प्रत्येकाच्या मेहुण्याला गाऊट होता आणि प्रत्येकाचा मेहुणा बरा झाला होता. एक मधमाशा चाववून, एक काळं व्हिनेगर पिऊन, एक फक्त घराचा दरवाजा पूर्वेकडे वळवून. शेवटी काका तिथे गेले जिथे ते पहिल्यापासून जाणार होते, बाजारातल्या आउ वैद्यबाईंकडे.

आउ बाई सहासष्ट वर्षांच्या आहेत. बदकं विकणाऱ्याच्या शेजारी त्यांचं दुकान आहे, मागे छपरापर्यंत लाकडी खण. त्यांनी तीन बोटांनी काकांची नाडी धरली, आधी डावी, मग उजवी. मग म्हणाल्या, "जीभ."

काकांनी जीभ काढली.

"पिवळी, जाड. अंगात ओल साचलीय आणि ती तापलीय. खाली पायात उतरलीय. हॉस्पिटलच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," काका म्हणाले. ज्या जिभेने म्हणाले ती त्या अजून तपासतच होत्या.

"चालू ठेवा. माझं औषध त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. आणि तुमच्या डॉक्टरला सांगा की हेही घेताय."

मग खण उघडले. चोपचिनीच्या गुलाबट चकत्या मूठ मूठ, आघाड्याच्या जातीचं लांब मूळ, एक पिवळी कडू साल, रानजोंधळ्याचे दाणे, आणि इसबगोलासारखं बारीक बी फडक्यात बांधून. कागदावर सात ढीग, सात पुड्या.

"चार वाट्या पाणी, आटवून दीड वाटी. सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी. काही घालायचं नाही. कळलं का, युक-लान? पाणी आणि पुडी."

"कळलं," काकू म्हणाल्या.

आता इथे मला माझ्या काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात सूप हे खाणं नाही. खाणं खाऊन झाल्यावर किंवा खायच्या आधी माणसाला दुरुस्त करायला जे देतात ते सूप. काकूंनी घरात तापाला सूप दिलंय, नापास झाल्यावर सूप दिलंय, लग्न मोडलं तेव्हा मला एका आठवड्यात अकरा प्रकारची सुपं दिली आहेत आणि एकदाही तो विषय काढला नाही. त्या बाईच्या हातात चोपचिनी द्यायची आणि ती नुसत्या पाण्यात उकळ म्हणायचं, हे गवंड्याला विटा देऊन नुसत्या बघत बस म्हणण्यासारखं आहे. त्यांच्या माहेरी चोपचिनी डुकराच्या हाडांशिवाय चुलीवर चढतच नाही. उन्हाळ्यात अंगातली ओल काढायला घरोघरी हेच सूप असतं. म्हणजे औषध तेच, फक्त माणसासारखं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी कारखान्यातून त्यांना नवीन भांडं आणून दिलं होतं. चार तास मंद आचेवर, झाकण बंद, एक थेंब उतू जात नाही. हाडांतला कस जुन्या मातीच्या भांड्यापेक्षा जास्त उतरतो, हे मीच मोजलं होतं आणि तपासणीच्या कागदावर सही केली होती. काकूंना मी ते अभिमानाने सांगितलंही.

तर द्वादशीपासून क्वानकाकांचे उपचार सुरू झाले. पुडी, पाणी, आणि चवीपुरती डुकराची मणक्याची हाडं. हाडांना वास येतो म्हणून सुकी बोरं. बोरांनी गोडसर होतं म्हणून मूठभर सुके शिंपले. आणि अंगात ताकद राहावी म्हणून एक हातभर सुकं माकूल, म्हणजे स्क्विड. चार तासांनी जे उतरायचं ते तपकिरी, दाट आणि इतकं सुगंधी असायचं की शेजारी विचारायचे, आज कोण आलंय जेवायला.

"औषध आहे," काकू अभिमानाने सांगायच्या.

काका दिवसातून दोनदा भरलेला वाडगा प्यायचे. तळाशी राहिलेलंही प्यायचे. "आउ बाईंचा हात उतरलाय म्हणतात," ते मला म्हणाले, "पण काढा असा कोणी बनवत नाही हं."

आठवड्यात अंगठ्याची सूज घोट्याला पोचली.

मी काकूंना विचारलं होतं, काढ्यात काय असतं. "पुडी," काकू म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. कारखान्यात मी झाकणाचा स्क्रू कोणी बसवला इथपर्यंत विचारते. घरी विचारलं नाही, कारण मीही तोच वाडगा रिचवत होते आणि छान लागत होता.

उरलेला गाळ काकू रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी, पुलाला लागून ओतायच्या. औषधाचा गाळ रस्त्यावर टाकायचा असतो. लोक त्यावरून चालतात आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं. ते कुणाकडे जातं हे कोणी विचारत नाही. काकूंनी पूल मुद्दाम निवडला होता. तिथून सगळा गाव बाजारात जातो. "अंगठा मोठा आहे," त्या म्हणाल्या, "पाय जास्त लागतील."

पायांच्या आधी तिथे पिवळा पोचायचा. पिवळा म्हणजे पुलाजवळच्या सायकलवाल्याचा कुत्रा. काकूंची पावलं ऐकली की उठायचा, हाडं कडकडा खायचा, माकूल चघळायचा, शिंपले चाटून पुसून साफ करायचा, आणि मागे फक्त लाकडासारख्या चकत्या आणि मुळं ठेवायचा. त्यामुळे गावाला दिसायचं ते फक्त औषध. दहा दिवसांत पिवळ्याच्या अंगावर तेज आलं होतं. त्याच्या मालकाला वाटलं जनावराला नवीन खाद्य मानवलं.

एकविशीला, म्हणजे महिन्याच्या एकविसाव्या तिथीला, काका कुबडी घेऊन चहाच्या दुकानात गेले आणि जाहीर केलं, "आउ बाईंचं औषध म्हणजे गवत. आधी अंगठा होता, आता घोटाही आहे. दुसऱ्या सात पुड्या आणल्या, तेच. वैद्यकी संपली त्यांची." आ-बिंग तिथेच होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही आराम करा. यंदा मी बघतो." काकांनी पुढचा अर्धा तास त्याच्याकडे न बघता भुईमुगाच्या शेंगा सोलल्या.

बातमी आउ बाईंपर्यंत दुपारीच पोचली. बदकवाल्याने पोचवली.

आणि बाविशीला गावात कुत्र्यांना लस टोचायची गाडी आली. फलक लागला होता, सकाळी सहा ते दहा कुत्री घरात बांधून ठेवावीत. पिवळा आत बांधला गेला. काकूंनी नेहमीप्रमाणे गाळ ओतला आणि गेल्या.

सात वाजता आउ बाई दुकानाकडे जायला निघाल्या. पुलाजवळ त्यांच्या चपलेखाली काहीतरी कडकन मोडलं. चोपचिनी मोडत नाही तशी. त्या थांबल्या, उकिडव्या बसल्या, आणि छत्रीच्या टोकाने गाळ बाजूला बाजूला करू लागल्या. मी कारखान्याच्या बसची वाट बघत तिथेच उभी होते.

"ही चोपचिनी माझी," त्या स्वतःशी म्हणाल्या. "मूळ माझं. साल माझी. दाणे माझे." छत्री थांबली. "आणि हे कोणाचं?"

छत्रीच्या टोकाला माकुलाचा पाय होता. मोठा, चोषक आठ-दहा तरी.

पुलावर माणसं थांबायला लागली. भाजीवाली म्हणाली, "कोणाचं औषध आहे हो हे?" कोणीतरी म्हणालं, "क्वानचं. युक-लान रोज इथेच टाकते." आउ बाईंनी हाडाचे तीन तुकडे काढून ओळीत ठेवले. मग शिंपले. मग बोराच्या बिया.

"मी त्या घरात दहा दिवस पुड्या देतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटत होतं माझा हात चुकला. माणसांनो, बघून घ्या. हा गाऊटवरचा काढा आहे. याला फक्त भात कमी आहे."

मग त्यांनी माकुलाचा पाय कागदात गुंडाळला आणि थेट काकांच्या घरी निघाल्या. मी बस सोडली.

काका खुर्चीत पाय वर करून बसले होते. समोर सकाळचा वाडगा होता, अर्धा संपलेला. आउ बाईंनी कागद उघडून माकुलाचा पाय वाडग्याशेजारी ठेवला.

"ओळखता का यांना?"

काकांनी माकुलाकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"एवढंसं तर टाकते," काकू म्हणाल्या. "चवीला."

"काय सांगितलं होतं मी?"

"पाणी आणि पुडी. पाणी घालतेच की मी. पुडीही घालते. बाकीचं मध्ये पडतं."

"हाडं मध्ये पडतात?"

"बाई, आजारी माणसाला नुसतं कडू पाणी कसं देऊ? शत्रूला देतात तसलं."

"पण मी कोलंबीला हात लावला नाही," काका मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तिसऱ्या नाहीत, बिअर नाही. बारा दिवस कोबी खातोय मी. सुपात कुठे काय असतं? सूप तर पाणी असतं."

मी उठून फ्रिजजवळ गेले आणि खेकड्याचं चुंबक बाजूला केलं. लाल रकान्यातली शेवटची ओळ त्याच्या पोटाखाली होती. "हाडांचं व मांसाचं खूप वेळ उकळलेलं सूप." वाचून दाखवली. नेमकी तीच ओळ झाकली जाणं हा योगायोग होता, असं आमच्या घरात सर्वांनी मिळून ठरवलेलं आहे.

"हाडांत आणि माकुलात जे तुम्हाला नको ते चार तासांत सगळं पाण्यात उतरतं," मी म्हणाले.

"सगळं?"

"नवीन भांड्यात जरा जास्तच."

आउ बाईंनी माझ्याकडे बघितलं. "भांडं कोणाचं?"

मी चुंबक परत जागेवर लावलं. मग त्यांना फ्रिजवरची गोळ्यांची पाकिटं दिसली. धूळ बसलेली. त्यांनी बोटाने धूळ पुसली आणि काकांना नुसतंच "जीभ," म्हणाल्या. काकांनी काढली नाही.

"आठ दिवस आहेत सरावाला," आउ बाई म्हणाल्या. "तुम्ही उभे राहाल असं मी म्हणत नाही. पण हे असंच चाललं तर राहणार नाही, एवढं सांगते. आज हॉस्पिटलला जायचं, काय काय केलं ते लाज न बाळगता सांगायचं, त्या देतील ते घ्यायचं. माझा काढा पाण्यात. आणि गाळ रोज पुलावरच टाकायचा. मी बघणार नाही. कुत्रा बघेल. तो खायला आला तर माझं दुकान तुम्हाला बंद."

दारात जाऊन त्या वळल्या. "आणि काल चहाच्या दुकानात जे बोललात, ते तिथेच जाऊन परत घ्यायचं. कुबडीने गेलात तरी चालेल."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माकूल किती?" काकूंनी दोन्ही हातांनी लांबी दाखवली. बाईंनी ती लिहून घेतली. दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या दिल्या, पोटाला सोसवतील अशा, आणि युरिक ॲसिडच्या सूज उतरल्यावर सुरू करायला सांगितल्या. वैद्यबाईंच्या पुडीतल्या पदार्थांची यादी मागितली, वाचली आणि म्हणाल्या, चालेल, पण दर आठवड्याला रक्त तपासू.

त्या दिवसापासून काकू माझं भांडं वापरेनात. मातीचं जुनं काढलं आणि त्यात पाणी आणि पुडी घातली, तोंड दुसरीकडे करून. काळाकुट्ट काढा उतरला. काकांनी पहिला घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"हे रोज?"

"रोज," काकू म्हणाल्या आणि ओट्यावरच्या फडक्याने डोळे पुसले. नवऱ्याला इतकं वाईट काही त्यांनी चाळीस वर्षांत दिलं नव्हतं.

तेविशीला सकाळी गाळ पडला. पिवळा धावत आला, हुंगलं, काकूंच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हुंगलं, आणि गाळाशेजारी बसून राहिला. त्याला वाटलं असावं की उरलेलं मागून येतंय. चोविशीला नुसतं हुंगून गेला. सत्ताविशीपासून त्याने यायचंच सोडलं. पुलावरून बाजारात जाणारी माणसं आता पिवळ्याकडे बघून काकांच्या तब्येतीचा अंदाज घेऊ लागली. काकांनी आपले शब्द परत घेतले. चहाच्या दुकानात उभं राहून, छतावरच्या पंख्याकडे बघत, एका वाक्यात.

सूज उतरली. आधी घोटा, मग हळूहळू अंगठा. कशाने उतरली, यावर गावात आजही चार पक्ष आहेत. डॉक्टरीणबाईंना गोळ्यांनी वाटतं. बाजाराला पुड्यांनी वाटतं. आउ बाई स्वतः काही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं दुकान जास्त चालतं. काकू म्हणतात पुलावरच्या पायांनी. मला वाटतं सूप बंद झाल्याने, पण मला विचारायला कोणी येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी कारखान्यात असा प्रयोग केला असता तर साहेबांनी कागद परत फेकला असता. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या की निकाल ज्याला हवा तसा लागतो.

प्रतिपदेला सकाळी सगळा गाव ओढ्याच्या काठावर होता. काका कुबडीशिवाय आले. चप्पल काढली. अंगठा आता लीचीएवढा नव्हता, पण बाकीच्या बोटांशी त्याचं अजून जमत नव्हतं. फळीवर चढताना त्यांनी ओठ घट्ट मिटले, ते मी बघितलं. लाय आबांनीही बघितलं.

होडी निघाली. सरळ पाण्यात सगळं ठीक होतं. सत्तर वल्ही एकदम पडत होती, ढोल वाजत होता, काका सुकाणू धरून उभे होते आणि काकू काठाने होडीबरोबर चालत होत्या, हात पोटाशी घेऊन. मग वडाचं वळण आलं. तिथे ओढा अरुंद होतो आणि दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. उजवा पाय आपटायची जागा तीच.

काकांनी पाय उचलला आणि तसाच धरला.

तेवढ्या वेळात एक माणूस एकतीस वर्षांचा सौदा करतो. पाय आपटला तर गुडघा मोडून पाण्यात, नाही आपटला तर होडी पायऱ्यांवर. मागच्या बाकावर आ-बिंग वल्हवत होता. काका त्याच्याकडे न बघताच ओरडले, "बिंग, ऊठ. फळीवर ये. मी सांगतो तेव्हा आपट."

आ-बिंग वल्हं टाकून वर चढला. फळीवर दोन माणसं आजवर कोणी पाहिली नव्हती.

"आता," काका म्हणाले. आ-बिंगने आपटला. "जोरात रे, तुझ्या घड्याळाला दुखणार नाही. आता." मागचं टोक दबलं, ड्रॅगनचं तोंड उचललं आणि होडी पायऱ्यांपासून वीतभर अंतराने वळली.

काठावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक लाय आबांकडे बघत होते. आबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "अनवाणी उभं राहायचं म्हणालो होतो. उभा आहे. वळण काढायचं म्हणालो होतो. निघालंय. कोणाच्या पायाने ते मी बोललो नव्हतो." मग जरा थांबून, "पंचमीलाही असंच. सुकाणू क्वानचं, पाय बिंगचा. पुढच्या वर्षी बघू, कोणाचं काय दुखतंय ते."

पुढच्या वर्षी. हे शब्द काकांना आवडले नाहीत. परतताना ते मला म्हणाले, "आबा म्हातारे झालेत. काहीही बोलतात."

पंचमीला होडी पाकतांग गावाला भेटीला गेली, दरवर्षी जाते तशी. वाटेतली चारही वळणं निघाली. काका हाक देत, आ-बिंग आपटत. काठावरची माणसं कुणाच्या पायाकडे बघावं ते न कळून दोघांच्याही पायांकडे बघत होती. पाकतांगच्या लोकांनी फटाके लावले, होडीवर लाल कापड बांधलं आणि देवळासमोरच्या मांडवात ऐंशी टेबलं मांडली होती. आमच्या टेबलावर मधोमध मोठं झाकलेलं पातेलं आलं. झाकण निघालं. चोपचिनी, डुकराची हाडं, सुके शिंपले, माकूल. वरून बोरं.

काकूंचा हात आपोआप पळीकडे गेला आणि परत आला.

काकांनी पातेल्याकडे बघितलं. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांनी ती आत घेतली, पूर्ण, आणि डोळे उघडले. मग पळी उचलली, तळापासून ढवळली, भरपूर माकूल येईल अशी काठोकाठ वाटी भरली, आणि शेजारी बसलेल्या आ-बिंगसमोर ठेवली.

"पी बाळा," काका म्हणाले. "आज तू फार दमलास."

"नको काका. मी असलं जड खात नाही."

"खाणं कुठे आहे हे? सूप आहे. पाणी." त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ माया होती. "पाकतांगवाल्यांचा मान ठेवायला हवा. सुकाणूवर उभा राहणारा नको म्हणत नाही. मी एकतीस वर्षं कधी म्हणालो नाही."

आ-बिंगने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ काही बोललं नाही. त्याने एक घोट घेतला, थांबला, आणि उरलेली वाटी एका दमात संपवली.

"छान आहे," तो जरा आश्चर्याने म्हणाला.

"आहे ना," काका म्हणाले. त्यांनी दुसरी वाटी भरली आणि मग तिसरी. स्वतःसमोर गरम पाण्याचा पेला ओढून घेतला आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. आ-बिंग अजून अनवाणीच होता. उजव्या पायाचा अंगठा अगदी सरळ, सडपातळ, निरोगी.

"अजून एक घे," काका म्हणाले.